मार्तंडरावांचं सोपं लिहिणं

मार्तंडराव कारकुनाला एकच व्यसन होतं. ते दारूचं असतं तर कचेरीनं सांभाळून घेतलं असतं. पण त्यांना लोकांना कळेल असं लिहायची खोड होती. फायली इंग्रजीत चालायच्या तेव्हा 'आय हॅव द ऑनर टु स्टेट' हे पालुपद ते बिनदिक्कत छाटायचे, आणि साध्या इंग्रजीत लिहायचे की पूल पडलाय, माणसं पाठवा. अशा पत्रांपायी त्यांना तीन मेमो मिळाले. पूल पडल्याबद्दल कोणालाच मिळाला नाही.

मग कचेरीत मराठी आली. मार्तंडरावांनी घरी बायकोला, शारदाबाईंना, शिरा करायला लावला. आता लोकांचं राज्य, लोकांची भाषा! महिन्याभरात वरून शब्दांची जाडजूड यादी आली, आणि जो कागद इंग्रजीत असताना गावातल्या दोघांना तरी कळायचा, तो मराठीत आल्यावर कोणालाच कळेना. साहेब मात्र खुलले. "आता कसं, भाषेला वजन आलं," ते म्हणाले.

अडुसष्ट साली धाड गावाकडच्या नव्या रस्त्याची नोटीस काढायची होती. मार्तंडरावांनी संधी साधली. लिहिलं, 'नवा रस्ता तुमच्या शेतांतून जाणार आहे. कोणाची हरकत असेल तर वीस तारखेपर्यंत बुलढाण्याला येऊन सांगा.' साहेबांनी न वाचता सही ठोकली. न वाचता सही करण्यात त्यांचा हात धरणारा जिल्ह्यात नव्हता.

नोटीस चावडीवर लागली. गावानं वाचली, गावाला घडाघडा कळली, आणि तिथंच घोळ झाला. सरकारचा कागद, अन् असा कळते? "काहीबाही बोलू नका बे," वामनराव पाटील म्हणाले, "हे कोन्या टवाळाचं काम हाय." त्यांनी ती फाडून तिच्यात तंबाखूची पुडी बांधली. सगळ्या शहाण्यांना ते पटलं. एकोणीस तारखेपर्यंत कचेरीत एकही माणूस फिरकला नाही.

वीस तारखेला दुपारी रुखमाबाई आली. तिला वाचता येत नव्हतं, त्यामुळे कागद खोटा ठरवण्याइतकी ती शहाणी नव्हती. पुतणीनं चावडीवर वाचून सांगितलं, ते तिनं खरं धरलं.

"भाऊ, त्या रस्त्यात माही इहीर येते," ती म्हणाली. "माह्या मालकानं खंदली, अन् तिच्यातच दरड पडून गेला. पानी गोडं हाय, अर्धं गाव भरते. दहा पावलं पलीकडं नुसता खडक हाय. रस्ता तिकडं सरकवा. मंग माहं काई म्हननं नाई."

मार्तंडरावांना भरून आलं. इतकं स्वच्छ बोलणं त्या कचेरीत कधी कोणी बोललं नव्हतं. त्यांनी ते जसंच्या तसं उतरवलं, अंगठा घेतला आणि साहेबांपुढे ठेवलं.

"हा अर्ज आहे?" साहेबांनी कागद दोन बोटांत उचलला. "ही तर बाईची बडबड. फेटाळा."

"पण तिचं म्हणणं तुम्हाला कळलं ना, साहेब?"

"कळलं हो! तेच तर. जे मला एका वाचनात कळलं, ते मी वर कोणत्या तोंडानं पाठवू?"

पाच वाजायला पाऊण तास होता. बाहेर रुखमाबाई भिंतीला टेकून बसली होती. मार्तंडरावांनी एकवार तिच्याकडे पाहिलं. जन्मभराचं तत्त्व? जाऊ दे खड्ड्यात! त्यांनी ती शब्दांची यादी उघडली आणि दातओठ खात लिहायला बसले. 'उपरोल्लिखित प्रस्तावित मार्गाच्या संरेखनान्वये अर्जदाराच्या भोगवट्यातील जलस्रोताची अपरिमित व अपरिवर्तनीय हानी संभवत असल्याकारणाने…' स्वतःचीच किळस येत होती, पण हात सुटला होता. दोन पानं भरली, आणि पूर्णविराम एकच.

साहेबांनी एकदा वाचलं, दोनदा वाचलं, तिसऱ्यांदा मान डोलावली. "वा, मार्तंडराव! इतकी वर्षं हे लपवून कुठं ठेवलं होतं? उद्यापासून सगळा पत्रव्यवहार तुमच्याकडे." आणि कोपऱ्यात ओव्हरसियरसाठी शेरा मारला, 'रस्ता दहा पावलं सरकवा.' खरंच काम व्हायचं असलं की साहेबांनाही सोपं लिहिता येत होतं.

बाहेर येऊन मार्तंडरावांनी सांगितलं, "विहीर वाचली, रुखमाबाई."

तिनं डोळे पुसले. "माहं म्हननं वाचून तर दाखवा, भाऊ. मोठ्या साहेबानं मानलं म्हंता."

मार्तंडरावांनी वाचून दाखवलं. पोथी ऐकावी तशी ती डोक्यावर पदर घेऊन, हात जोडून, अगदी शेवटापर्यंत ऐकत राहिली.

"समदं चांगलं हाय," ती हळूच म्हणाली. "पन याच्यात माहा मालक कुठी हाय?"

मार्तंडरावांनी दोन्ही पानं पुन्हा चाळली. तो कुठंच नव्हता.

"त्याला घेता आलं नाही, बाई," ते म्हणाले. "घेतला असता तर विहीर गेली असती."

रुखमाबाई उठली. तिनं लुगडं झटकलं.

"जाऊ द्या. त्याले मी सांगीन समजावून," ती म्हणाली, आणि धाडची एस.टी. गाठायला निघाली.