आतड्याचा रिपोर्ट

पेपर धरला की नवऱ्याचे, विनायकरावांचे, दोन्ही हात थरथरतात, हे हेमलताबाईंनी पाहिलं आणि त्यांच्या मनात पहिलं नाव आलं ते पार्किन्सनचं. विनायकरावांचे थोरले भाऊ उल्हास पार्किन्सननेच गेले होते, आणि तेही नऊ वर्षं अंथरुणात काढून. भाऊजींना भरवणं, पुसणं, कूस बदलणं, सगळं हेमलताबाईंनीच केलं. दिवसभर दिल्लीतल्या पहाडगंजच्या मराठी शाळेत पोरांपुढे घसा फोडायचा आणि घरी येऊन हे. आता पुन्हा? देवाला काही लाजबीज आहे की नाही!

मेंदूच्या डॉक्टर कृतिका माथुर यांनी विनायकरावांना चालवून पाहिलं, बोटं आपटायला लावली. मग विचारलं, "सर की कोई दवा चल रही है?"

"बिल्कुल नहीं!" हेमलताबाईंनी ठणकावलं. बीपी नाही, शुगर नाही. नवऱ्याच्या तब्येतीचा त्यांना केवढा अभिमान!

पोट साफ होत नाही ही विनायकरावांची जुनी रड. डॉक्टर म्हणाल्या, आतड्यात दुर्बीण तशीही घालायचीच आहे, तेव्हाच आतल्या अस्तराचे दोन-चार कण जास्तीचे घेऊ. पार्किन्सनमध्ये एका प्रथिनाची घडी चुकते, आणि असली चुकलेली प्रथिनं कित्येकदा मेंदूच्या त्रासाआधीच आतड्यात सापडतात. ही तपासणी अजून संशोधनातली, एकट्या तिच्यावर निकाल द्यायचा नाही. पण अंदाज येईल.

तीन आठवडे रिपोर्टची वाट बघायची होती. हेमलताबाईंना घास गोड लागेना. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालायला बसल्या तरी तिडीक यायची. भांडीवालीला दोनदा उगाचच झापलं बिचारीला.

रिपोर्ट आला. चुकीच्या घडीचं प्रथिन कुठेच सापडलं नव्हतं. पण डॉक्टर काही खूश दिसेनात. मग हात का थरथरतात? त्यांनी उलटतपासणीच सुरू केली.

"सुबह उठकर सबसे पहले क्या लेते हैं सर?"

"चाय," हेमलताबाई म्हणाल्या. "उससे पहले बस वो गॅस की गोली."

"कौन-सी गोली? आपने तो कहा था, कोई दवा नहीं!"

"अच्छा, ती? ती काय औषध आहे होय!" हेमलताबाई मराठीतच बोलून गेल्या. आता सांगा, जेवणानंतरच्या बडीशेपेला कुणी औषध म्हणतं का? या घरात गॅसच्या गोळीचं तसंच होतं. तीन वर्षांपूर्वी कुणा डॉक्टरने पंधरा दिवसांसाठी लिहून दिली होती. आराम पडला, म्हणून चालू राहिली. केमिस्ट ओळखीचा, फोन केला की पोचवायचा. पाकीट आत्ताही पर्समध्ये होतंच.

डॉक्टरांनी पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली आणि कपाळाला हात लावला. गोळीत दोन औषधं होती, आणि त्यातलं एक फार दिवस घेतलं की काहींचे हात असेच थरथरायला लागतात, चाल मंदावते. आजपासून बंद, त्या म्हणाल्या. काही महिन्यांत बहुतेकांचं हे ओसरतं. दर महिन्याला दाखवायला या. पण रिपोर्ट आणि गोळी दोन्ही धरून बघता त्यांना हा पार्किन्सन वाटत नव्हता.

बाहेर येताच हेमलताबाई बाकावर मटकन बसल्या आणि चारचौघांत हुंदके देऊन रडायला लागल्या.

"अगं, चांगली बातमी आहे ना? रडतेस काय?"

"अहो, ती गोळी रोज मीच ठेवत होते तुमच्या हातावर!"

"बरं झालं की! औषधाने आलं ते औषध सोडलं की जाईल."

हेमलताबाईंनी पदराने डोळे पुसले. "एक सांगू? रागावू नका. भाऊजींचं केलं मी, पण पुन्हा नऊ वर्षं करायची ताकद माझ्यात उरली नव्हती हो. तुमच्यासाठीसुद्धा नव्हती. रोज सकाळी उठले की तोच विचार यायचा, आणि माझी मलाच लाज वाटायची."

विनायकराव शेजारी टेकले.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "म्हणून तर हात थरथरतात हे सहा महिने तुला कळू दिलं नव्हतं."