धावली असती तर

"कोट घालून धावतेस? त्यापेक्षा पाठीला गादी बांधून पळ ना!"

मोज्यांच्या कारखान्यातली मुकादमबाई कमरेवर हात ठेवून धाकटीच्या मशीनपाशी उभी होती. मोज्याचं उघडं टोक शिवून बंद करायचं, हे धाकटीचं काम. पण सकाळपासून ती शिवण्यापेक्षा खोकतच जास्त होती.

"पहाटे थंडी केवढी असते, बाई," धाकटी म्हणाली.

"असते ना. म्हणूनच सांगते. कोटात घाम फुटतो, सुती बनियन तो पिऊन बसतं आणि जरा थांबलीस की तोच घाम गारढोण होऊन पाठीला चिकटतो. अंगालगत घाम न धरणारं तलम कापड घाल. त्यावर लोकरीचं. सगळ्यात वर पातळ, पण वारा अडवणारं. कान झाक, हात झाक. आणि दाराबाहेर पाऊल टाकताना थोडं कुडकुडायलाच हवं. नाही कुडकुडलीस तर समज, जास्त चढवलंय." मग तिनं आवाज खाली आणला. "पण या वयात हे खूळ कुठून शिरलं डोक्यात?"

धाकटीनं मान खाली घालून मशीन सुरू केलं. खूळ कुठून शिरलं ते चारचौघींत सांगण्यासारखं नव्हतं.

घरात दोघी जावा. थोरली खालच्या मजल्यावर, सासूबाईंच्या शेजारच्या खोलीत. धाकटी वरच्या मजल्यावर. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी थोरलीनं जिन्याखालून किंकाळी फोडली होती, "आई उठत नाहीत!" रात्रीच्या वादळानं वीज गेलेली, फोन बंद, धाकटीचा नवरा रात्रपाळीला. थोरल्या दिरांची गाडी गारठून सुरू होईना. "तू जा डॉक्टरांकडे, धाव!" असं थोरलीनंच म्हटलं. धाकटी घरातल्या सपाता तशाच पायात ठेवून निघाली. रस्ता निसरडा. ती दोनदा पडली, थोडी पळाली, बरीचशी चालली. डॉक्टर तिला गाडीत घालून घेऊन आले तेव्हा तिचा श्वास असा अडकला होता, की ती जिन्याच्या पायरीवरच बसून राहिली. आतून रडण्याचा आवाज आला, तेव्हा तिला कळलं.

आणि त्या दिवशी, भरल्या घरात, सगळ्या नातलगांसमोर थोरली म्हणाली, "ही धावली असती तर आई आज असत्या."

धाकटीचा नवरा जमिनीकडे बघत राहिला. नवऱ्याच्या आत्याबाईंनी तेवढा एक सुस्कारा सोडला आणि तो सुस्कारा धाकटीला वाक्याहून जास्त लागला. पुढे वर्षभर ते वाक्य घरोघर फिरलं. कुणाच्या लग्नात, कुणाच्या बारशात, धाकटी समोर आली की बायकांच्या नजरा आधी तिच्या पायांकडे जात.

म्हणून थंडी परत आली तशी ती धावू लागली. त्याच रस्त्यानं, डॉक्टरांच्या फाटकाला हात लावून परत. पांघरुणातून उठणं जिवावर येई. अशा वेळी ती थोरलीचा आवाज मुद्दाम आठवे. ही धावली असती तर! की ऊबच टोचायला लागे. मुकादमबाईनं सांगितले तसे कपडे तिनं जमवले. लोकरीचा गळाबंद सदरा घरातलाच निघाला, वारा अडवणारं जाकीट नवऱ्याचं ढापलं. खोकला गेला, पाय सुटले. पळताना तिच्या मनात एकच चित्र असे: एक दिवस थोरलीला याच रस्त्यानं पळवायची. तिचा दम कोंडला, गुडघे वाकले, की वर उभं राहून म्हणायचं, "धावा की, वहिनी! धावा!"

एका सकाळी डॉक्टर फाटकापाशीच होते, गाडीच्या काचेवर गोठलेलं दव खरवडत.

"काय हो, रोज फाटकाला हात लावून पसार होता. मला आधी वाटलं, मुलं खोड्या काढतायत."

ती थांबली. तोंडातून वाफ निघत होती. "त्या दिवशी यायला उशीर झाला ना माझ्याकडून," ती म्हणाली. "सासूबाईंच्या वेळी."

डॉक्टरांनी हातातली खरवडणी खाली केली. "उशीर? अहो, तुम्ही उडत आला असतात तरी काय होणार होतं? त्या मध्यरात्रीच गेल्या होत्या. अंग ताठलं होतं त्यांचं. तुमच्या थोरल्या जाऊबाईंना तेव्हाच सांगितलं होतं मी, खोलीत. त्या बोलल्या नाहीत?"

"नाही," धाकटी म्हणाली.

परत येताना तिला ना थंडी लागली ना चढ. म्हणजे हिला ठाऊक होतं! ठाऊक असून हिनं वर्षभर माझ्या नावानं खडे फोडले! त्याच पावली जाऊन खालचं दार ठोठावावं, असं तिला वाटलं. पण तिनं स्वतःला आवरलं. एकांतातली माफी तिला नको होती. जे कान तेव्हा ऐकत होते तेच हवे होते. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं, सगळे जमणारच होते. त्या दिवसापर्यंत ती रोज धावली आणि रोज ते बोलणं मनात घोळवून त्याला धार लावत राहिली.

त्या दिवशी खालची बैठकीची खोली माणसांनी भरली. सासूबाईंच्या फोटोपुढे उभी राहून थोरलीनं डोळ्याला पदर लावला. "आणखी दहा वर्षं सहज काढली असती हो त्यांनी. वेळेवर डॉक्टर आले असते तर..."

"वहिनी," धाकटी जागेवरून म्हणाली, "त्या दिवशी खोलीत डॉक्टर तुम्हाला काय म्हणाले होते?"

"कधी? मला काय आठवतंय आता."

"मला सांगितलंय त्यांनी. आई मध्यरात्रीच गेल्या होत्या. मी निघाले तेव्हा अंग ताठलं होतं त्यांचं. तुम्हाला हे तेव्हाच कळलं होतं. हो की नाही, एवढंच सांगा."

थोरल्या दिरांनी बायकोकडे पाहिलं. "खरंय हे? मग मला का नाही बोललीस?"

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. ती नवऱ्यालाच सांगू लागली. "रात्री त्यांनी हाक मारली होती. एकदाच. केवढी थंडी होती हो... मी म्हटलं, पुन्हा मारली की उठेन."

मग आत्याबाईंनी सुस्कारा सोडला, अगदी तसाच, आणि पुटपुटल्या, "तरी मला वाटलंच होतं." नजरा फिरल्या. बायका एकमेकींच्या जवळ सरकल्या. थोरलीच्या आजूबाजूची जागा आपोआप रिकामी झाली. धाकटीला गोड वाटलं. खोटं कशाला बोला, वर्षभरात तोंडाला एवढी चव आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी पहाटे जाग आली, पण उठवेना. तिनं थोरलीचा आवाज आठवून पाहिला, तर कानात भलतंच वाक्य आलं: पुन्हा मारली की उठेन.

"आज नाही जायचं?" नवऱ्यानं कूस बदलत विचारलं. "आता काय गरज?"

ती उठली. सदरा, जाकीट, कानटोपी, हातमोजे चढवून जिना उतरली. खाली बाहेरचं दार सताड उघडं होतं आणि उंबऱ्यात थोरली उभी होती, कालच्याच कपड्यात, अंगावर शालसुद्धा नाही. रात्रभर झोपली नसावी.

"मला एकटीला बोलली असतीस," ती रस्त्याकडे बघतच म्हणाली. "सगळ्यांसमोर कशाला?"

"तुम्ही मला एकटीला बोलला होतात?"

धाकटी वाकली, बुटाची नाडी बांधू लागली. गाठ दोनदा सुटली. थोरली थरथरत होती. दातांवर दात आपटल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. धाकटी तिच्या बाजूनं बाहेर पडली, दोन पावलं गेली आणि मागे न बघता म्हणाली,

"दार ओढून घ्या, वहिनी. वारं आत येतंय."

आणि ती पळू लागली. वळण येईपर्यंत तिचे कान मागेच होते. दार लागल्याचा आवाज काही आला नाही.