बटव्यातली बटणं

जरा सरकून बसा, अगदी चुलीपाशी या. केझायाबाईंची गोष्ट सांगते.

पलीकडच्या बंदरातून त्या आमच्या गावात आल्या, नवरा समुद्रात बुडाल्यावर. मॅसॅच्युसेट्सच्या या किनाऱ्यावर परगावच्या गरिबाला थारा नव्हता. कुणाकडे काही नाही असं कळलं की गावावर भार नको म्हणून पंच त्याला हद्दीबाहेर काढत. वर्ष भरलं की मात्र माणूस गावचा. केझायाबाईंच्या कमरेला कापडी बटवा असे, चालताना छान खुळखुळे.

दुकानात मक्याचं पीठ घेताना त्या बटव्यावर थाप मारत. "चांदी कशाला मोडू? त्यापेक्षा तुमचा सदरा शिवून देते."

"बाई, एवढा जपताय, बटव्याशीच लग्न लावा आता!" दुकानदार हसे.

"तो तुमच्यासारखा घोरत नाही, हे खरं!"

वर्ष भरायला सात आठवडे उरले असताना त्यांना ताप भरला. वाचत नाही असं वाटून त्यांनी टक नावाच्या पाद्रीबाबांना बोलावलं. "बाबा, पाप सांगते. बटव्यात शिंपल्याची बटणं आहेत. दुसरं काही नाही."

"ही गोष्ट देवाजवळच राहील, बाई," बाबा म्हणाले. त्यांचेही डोळे भरले होते.

बाई वाचल्या. तिसऱ्या रविवारी प्रार्थनाघरात आमच्याच बाकावर बसल्या होत्या. बाबांचं प्रवचन म्हणजे गाणंच. सूर चढू लागला की अंगावर काटा यायचा. "वरवरची भक्ती म्हणजे काय? बटणांनी भरलेला बटवा! खुळखुळ केवढी, पण स्वर्गाच्या दारी दाणाही मिळायचा नाही!"

दुकानदाराची बायको वळली. तिनं केझायाबाईंच्या कमरेकडे पाहिलं. मग सगळ्या बाकानं पाहिलं. मीही पाहिलं.

बाहेर पडताना बाबा खरोखरच गोंधळले होते. "मी नाव कुठं घेतलं, बाई?"

"नाव नाही घेतलंत," त्या म्हणाल्या. "बटवा घेतलात."

बुधवारी गावचा शिपाई पंचांचा कागद घेऊन आला. "पंधरा दिवसांत हद्द सोडायची. माझ्या हातात काही नाही हो."

"कागद आहे की!"

पंधरा दिवस त्या थांबल्याच नाहीत. भर दुपारी, बर्फातून, पायी निघाल्या. दारं उघडी होती. हाक कुणी मारली नाही.

वसंतात ते प्रवचन बॉस्टनला छापून आलं. आता ते घरोघरी आहे. मीही वाचते, आणि त्या वाक्याशी अजून गहिवरते. वाक्य आहेच तसं. तुम्हीही वाचाल. फक्त तिथं आलात की क्षणभर थांबा, आणि केझायाबाईंची आठवण काढा.