छपराखालचे बोंबील

धाकटी डहाणूच्या खाडीकाठी सरकारी मासळी मंडळाने मासळी सुकवण केंद्र बांधलं आणि त्यावर छप्पर घातलं. ज्याने जन्मात एकदा तरी बोंबील वाळताना पाहिलाय, त्याला पुढे काही सांगायला नको. ज्याने पाहिला नसेल त्याच्यासाठी सांगायचं, तर बोंबील म्हणजे जवळजवळ पाणीच. दोन-दोन बोंबील जबड्यात जबडा अडकवून बांबूच्या वलांडीवरच्या, म्हणजे उघड्या मांडवाच्या, दोरीला टांगायचे. वरून ऊन आणि बाजूने उत्तरेचा वारा लागला, तेव्हा कुठे ते कडक होतात. मंडळाच्या दीडशहाण्यांनी त्यांच्यासाठी चारी बाजूंनी भिंती, वर पत्रा आणि पुढे लोखंडी दार अशी व्यवस्था केली. बरं, हे सगळं उभं केलं ते बायकांच्या मासळी वाळवायच्या खळ्यावर, जिथे आजीच्या आजीपासून वलांड्या होत्या.

नयना तांडेल ही तिथल्या बायकांच्या गटाची अध्यक्ष. केंद्राच्या उद्घाटनाला तिच्याच हातून नारळ फोडून घेतला होता. त्यानंतर आत कुत्री व्याली, रात्री दारुडे बसले, कोपऱ्याकोपऱ्यात नको ते झालं. बायका मात्र रस्ता आणि खाडी यांच्यामधल्या उरलेल्या पट्टीवर सरकल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांची धूळ खात तिथेच बोंबील वाळवू लागल्या. खळं गेलं तरी पट्टी होती. पट्टी होती म्हणून चुली पेटत होत्या.

२०१७च्या डिसेंबरात मंडळाचे व्यवस्थापक दर्शन राऊत गाडीतून उतरले ते नाकाला रुमाल लावूनच. त्यांच्या हातात मंडळाचा वार्षिक अहवाल होता. गुळगुळीत कागद, मुखपृष्ठावर हसणारी मासेवाली. ती या गावातली तर नव्हतीच, या किनाऱ्यावरची तरी होती का देव जाणे.

"विधिमंडळाची समिती येतेय गुरुवारी," ते म्हणाले. "मंडळांचे अहवाल तपासतात आणि लिहिलंय ते खरं का, ते जागेवर येऊन बघतात. आपण लिहिलंय, केंद्र पूर्ण क्षमतेने वापरात आहे. तेव्हा ते आत रिकामं दिसायला नको. उद्यापासून आत बोंबील टांगा."

"आणि नाय टांगले तर?" नयनाने विचारलं.

"ताई, तुमच्याच भल्याचं सांगतोय. समितीचा शेरा चांगला आला की दुसरा टप्पा मंजूर. ही सगळी पट्टी घेऊन असंच अजून एक केंद्र!" साहेबांनी हात असा फिरवला, की तो पट्टीवरच्या प्रत्येक वलांडीवरून गेला. "आणि हो, घोषणा वगैरे नकोत. वाढवणच्या बंदराविरुद्धचे आंदोलक समजून पोलीस लांब उभं करतील तुम्हाला."

साहेब गेले. नयनाच्या तळपायाची आग मस्तकाला गेली होती, पण डोकं चालत होतं. संध्याकाळी तिने बायका जमवल्या.

"टांगूया आत," ती म्हणाली. "साहेब बोलतो ना, टांगूया. गुरुवारपर्यंत काय होईल ते तुमाला सांगायला पायजे का? समितीची माणसं दारात आली की त्यांचं नाकच त्यांना सांगेल. आपण तोंड उघडायची पन गरज नाय."

बायका हसल्या. हसली नाही ती फक्त नयनाची सासू बायजी.

"दर्याची लक्ष्मी हाय ती," बायजी म्हणाली. "आपल्या हातानं कुजवायची? पोरांच्या तोंडातला घास हाय गो तो."

"आये, एकदाच. पट्टी गेली तर जल्मभर कुजवायला पन मिळणार नाय."

पण दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका पाट्या घेऊन केंद्रात शिरल्या, तेव्हा बायजी बाहेर पाठ करून बसली. बोंबील चांगले पांढरेशुभ्र, पहाटेच्या बोटीचे होते. ते त्या घाणीत टांगताना नयनानेही दोनदा वळून बायजीच्या पाठीकडे पाहिलं. अन्नाशी अशी मस्ती यापूर्वी कुणी केली नव्हती.

मग जे व्हायचं ते झालं. एका दिवसात बोंबील पिवळे पडले, दुसऱ्या दिवशी त्यांना तार सुटली, तिसऱ्या दिवशी दोरीवरून खाली टपकू लागले. माश्यांचा तर हैदोस होता. वास असा, की भरल्या मासळीत जन्म काढलेल्या बायकाही पदर नाकाला लावून लांबून जायच्या. सुक्या बोंबलाचा वास आणि हा वास यांत अन्न आणि मढं यांच्याइतकं अंतर. गावातल्या शेंबड्या पोरालाही ते कळत होतं.

गुरुवारी सकाळी राऊत साहेबांची माणसं फिनेल ओतून गेली. मग पाच गाड्या आल्या. पांढरे कपडे, गळ्यात हार, आदल्या मुक्कामाची सुस्ती अजून डोळ्यांवर. समितीचे अध्यक्ष उतरले, दाराशी आले आणि थबकले. त्यांचं नाक आक्रसलं. नयना एक पाऊल पुढे सरकली. आता विचारतील, ती मनात म्हणाली, आता विचारतीलच.

अध्यक्ष मागे वळले आणि खदखदून हसले.

"वा, राऊत! मी म्हणत होतो, हे मंडळवाले कागदावरच केंद्रं चालवतात. पण हा वास काही कागदाचा नाही!"

सगळे हसले. एका सदस्याने तर, "वास सहन होत नाही म्हणजे काम जोरात आहे," असंही म्हणून घेतलं. मागचा कारकून भराभर लिहायला लागला. राऊत साहेबांचा जीव भांड्यात पडल्याचं त्यांच्या खांद्यांवरूनच दिसलं.

नयनाला आधी कळेचना काय झालं. कळलं तेव्हा ती आत घुसली आणि दोरीवरचा एक बोंबील ओढून अध्यक्षांपुढे आली. तिच्या बोटांमधून तो नुसता गळत होता.

"साहेब, हे सुकलेलं नाय. सडलंय. इथं ऊन येत नाय, वारा येत नाय. आमी इथं कधीच सुकवत नाय. आमचं सुकवण तिकडं, त्या पट्टीवर..."

अध्यक्ष दोन पावलं मागे सरले. त्यांच्या बुटावर एक थेंब पडला, त्याकडे त्यांनी आधी पाहिलं.

"ओलं आहे हे," ते म्हणाले.

"ताजी मासळी आहे सर," राऊत पटकन म्हणाले. "आजचीच."

"ताजी! उत्तम!" अध्यक्षांनी नयनाकडे पाहून मान डोलवली. "बाई, कष्ट दिसतात तुमचे. जागा कमी पडतेय, हेच सांगताय ना? म्हणून तर दुसरा टप्पा. राऊत, ती पट्टी लवकर घ्या ताब्यात, आमची शिफारस राहील."

"जागा नाय हो कमी पडत!" नयना ओरडली. "ही जागा काढा! आमचं खळं आमाला द्या!"

पण तोवर दोन महिला पोलिसांनी तिला दंडाला धरून हळूच बाजूला केलं होतं. अगदी हळूच. राऊत साहेब अध्यक्षांना सांगत होते की इथली माणसं जरा भावनिक असतात, आणि तलासरीला पुढची पाहणी आहे, तिथे जेवणाला उशीर नको. कुणीतरी बुटावर पाणी ओतलं. जाताना प्रत्येक गाडीत सुक्या बोंबलांचे बांधीव पुडे चढले. खडखडीत, सोनेरी, पट्टीवरच्या उन्हात वाळलेले, राऊतांनी बाजारातून आणवलेले. एका सदस्याने पुडा नाकाशी नेला.

"या केंद्राचाच माल ना?"

"अर्थात सर," राऊत म्हणाले.

आपल्या बोटांचा, आपल्या पदराचा, आपण लढवलेल्या अकलेचा वास नयनाला सहन होईना. ज्या कुजक्या मासळीने मंडळाचं खोटं उघडं पाडायचं होतं, तीच मासळी त्यांनी साक्षीला उभी केली, आणि ती टांगली होती तिनेच. ती खाडीच्या कडेला वाकून ओकली.

गाड्यांची धूळ पट्टीवरच्या बोंबलांवर बसली. बायका पदराने ती झटकू लागल्या. बायजी मात्र उठून सुनेजवळ आली आणि तिची पाठ चोळू लागली.

"काय बोलला गो तो मोठा साहेब?"

नयनाने तोंड पुसलं.

"त्याला वास आवडला," ती म्हणाली.