हलक्या ओटांचे माप

मी एक जुने पितळी माप आहे, मित्रांनो, बरोबर एक लिटरचे. माझ्यात ओट, म्हणजे ओट्सचे धान्य, भरायचे, लाकडी पट्टीने वरून सपाट करायचे आणि मला काट्याला टांगायचे, एवढेच माझे काम. वजन चांगले भरले तर ओटांचा दाणा भरदार. कमी भरले तर आत टरफलच फार. वजन कमी भरले की लोक माझ्याकडे डोळे वटारून पाहतात, जसा काही दाणा मीच पोकळ केला!

ज्या कारागिराने मला घडवले, त्याने मला तीनदा पाण्याने भरून तपासले होते. तेवढ्या काळजीने मला पुन्हा कोणी हाताळले नाही. मी या शेतावर आले तेव्हा घरात सात माणसे होती. एकेक करत सगळी पांगली आणि शेवटी एक भाऊ व त्याची बहीण उरली. तिला भाची आत्या म्हणायची, म्हणून सगळेच आत्या म्हणत. भाऊ मला भरताना गुडघ्यावर दोनदा आपटायचा आणि म्हणायचा, "बसू दे जरा." त्याने दाणे दबत, आणखी मूठभर मावत आणि वजन वाढे. पण आमचे ओट मुळातच इतके भरदार असत की गिरणीवाले डोळे झाकून घेत. माझे कौतुकही व्हायचे.

मग भाऊ गेला. आत्या कोठारात येऊन माझ्याशीच बोलू लागली. मला उत्तर देता येत नाही याचे तेव्हा फार वाईट वाटे.

त्या वर्षी ऐन दाणा भरायच्या दिवसांत कडक ऊन पडले. ओट बारीकच राहिले. आत्याने मला भरले, गुडघ्यावर दोनदा आपटले आणि भरलेले वजन फोनवर गिरणीला कळवले. गाडी भरून गेली आणि दुपारी तशीच भरलेली परत आली.

"गिरणीत वजन कमी भरलं. गिरणीवाले म्हणतात, तुमचं माप आपटून भरलंय," गाडीवाला म्हणाला.

"भाऊ भरायचा तसंच भरलं हो मी," आत्या म्हणाली. शरमेने तिचे कान लाल झाले होते.

ओटांचे पोहे करणाऱ्या कारखान्याने नाही म्हटले. बियाणेवाला हसला. जनावरांचे खाद्य विकणाऱ्या लांबच्या व्यापाऱ्याने सांगितले की हलक्या मालाने गाडी भरते, पण वजन भरत नाही, वाहतूकच परवडत नाही. भाचीचा फोन आला, "आत्या, पुरे झालं आता. शेत देऊन टाक कोणाला तरी आणि ये इकडे."

"कोठार रिकामं झालं तर पेरणी करते, नाहीतर येते," आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने मला पुन्हा भरले. सवयीने गुडघ्यापर्यंत नेले आणि तिथेच थांबवले. आपटले नाही. आलेले वजन तिने एका फळीवर रंगवले आणि खाली लिहिले, "ओट हलके आहेत. टरफल जास्त, दाणा कमी. कोणाला चालतील?" फळी रस्त्याकडच्या फाटकावर ठोकली.

अकरा दिवस कोणी फिरकले नाही. बाराव्या दिवशी एक गृहस्थ आले. कामातून सुटलेले म्हातारे घोडे ते सांभाळत.

"ताई, फळीवर लिहिलंय ते खरंय ना? खरंच हलके आहेत?"

"हो, हलकेच आहेत," आत्या ओशाळून म्हणाली.

"मग सगळे माझे! भरदार ओट दिले की आमची म्हातारी मंडळी अंगात आल्यासारखी उधळतात. परवा एकाने कुंपण तोडलं. वयाचा काही मुलाहिजा आहे की नाही?"

कितीतरी महिन्यांनी आत्या खळखळून हसली. त्यांची जागा लहान, म्हणून दर आठवड्याला ते चार पोती नेत. चहा होई, घोड्यांच्या खोड्या सांगून होत. मोजायची गरजच नव्हती, त्यामुळे मी कोनाड्यात धूळ खात पडले. मला एकटे वाटे, खोटे कशाला बोलू? पण कोठारात दोन माणसांचा आवाज असे.

पोती संपली, पेरणी झाली आणि शेत राहिले. नव्या हंगामात आत्याने मला पुसून भरले, न आपटता. काटा झरझर खाली गेला. इतके भरदार ओट भावाच्या वेळीही आले नव्हते. गिरणी सगळे घेणार होती, पण म्हाताऱ्या घोड्यांना ते चालणार नव्हते.

आत्या पोत्यावर बसली. "दाणा भरला गं," ती मला म्हणाली, एखादी वाईट बातमी सांगावी तशी. मग तिने फाटकावरची फळी काढून आणली.

मित्रांनो, मी फक्त दाण्याचे वजन सांगू शकते. तुमच्या ओळखीत असे एखादे घर असेल, तर काही घ्यायचे नसले तरी तिथे एकदा जा.