मामंजींच्या खोलीतला गारवा

ऊर्मीला नववा महिना लागला त्याच आठवड्यात तिच्या खोलीतला एसी गार करायचा थांबला आणि नुसता वारा फेकू लागला. अड्यारमधली मेची दुपार. भिंतीला हात लागला तरी चटका बसायचा. मेकॅनिक व्यंकटने मागची नळी तपासली आणि तमिळमध्ये सांगितलं, "गॅस गेलाय मॅडम. गळती मी बुजवून देतो. पण ह्या जुन्या मशीनचा गॅस हल्ली फारच थोडा येतो. भाव मागच्या वर्षीच्या तिप्पट, आणि इतके मोजूनही आज हातात पडेल असं नाही."

नवं मशीन घ्यावं, तर बाळंतपण तोंडावर. शिवाय बसवायला माणूस मिळेपर्यंत तीन आठवडे जाणार. "बघतो काहीतरी," असं म्हणून तिचा नवरा विश्वेश शोळिंगनल्लूरच्या ऑफिसला निघून गेला.

घरात उरली ती आणि तिचे सासरे, मानाजीराव. त्यांचं घराणं मूळचं तंजावरचं. त्यांची जुनी, तमिळ मिसळलेली मराठी सांगलीहून आलेल्या ऊर्मीला चार वर्षांनंतरही पुरती उमगत नसे. दोघांची दारं गारवा जाऊ नये म्हणून दिवसभर बंद, त्यामुळे बोलणंही जेवणापुरतंच.

दोन दिवसांनी ती दवाखान्यातून तपासणी करून परतली, तर खोली थंडगार.

"मामंजी, गॅस मिळाला?"

"मिळाला," ते म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले.

पुढचे चार दिवस ती नुसती झोपत होती. त्या गारव्यात झोप पाण्यासारखी अंगावरून वाहायची. चौथ्या दुपारी तहान लागली म्हणून ती उठून बाहेर आली, तेव्हा मामंजींचं दार तिला अर्धवट उघडं दिसलं.

आत दोन्ही खिडक्या सताड उघड्या होत्या. त्या खोलीला खिडक्या आहेत हेच ती विसरली होती. बाहेरच्या करंजाच्या पानांतून आलेला हिरवट उजेड भिंतींवर हलत होता, जणू खोली तळ्याच्या तळाशी होती. मामंजी जमिनीवर चटई टाकून, छातीवर ओला पंचा घेऊन पडले होते. एसीचा प्लग काढून ठेवला होता.

"मामंजी! तुमचा एसी?"

ते दचकून उठून बसले. "व्यंकटाला म्हटलों, ह्यांतला गॅस काढ, त्यांत घाल. दोन्हींत एकच. काढतां येतं म्हणाला."

ऊर्मी वेताच्या खुर्चीत बसली. हा एसी तिच्या सासूबाईंच्या, कनकाआईंच्या, शेवटच्या उन्हाळ्यात घेतलेला, हे विश्वेशने तिला लग्नाआधीच सांगितलं होतं. त्या गेल्यावरही मामंजी तो डिसेंबरातसुद्धा चालू ठेवत.

"आईंचा होता ना तो?" तिने हळूच विचारलं.

"होय. सा वरसं त्याचा आवाज ऐकतच निजलों. तिच्या श्वासागत वाटे. बंद केलों तर काय होईल, भय होतं." ते खिडकीकडे बघत राहिले. "कांहीं झालं नाहीं. कावळे ऐकूं आले, इतकंच."

थोड्या वेळाने ते म्हणाले, "अम्मा, त्या कोपऱ्यांतला पाय देऊं?"

ऊर्मीने गोंधळून स्वतःच्या पायांकडे पाहिलं. मामंजी खळखळून हसले. तमिळमध्ये पाय म्हणजे चटई! त्यांनी गुंडाळलेली दुसरी चटई आणली आणि तिच्या सुजलेल्या पावलांखाली सरकवली.

"आतां पाहा. येईल."

"कोण?"

"समुद्राचं वारं."

आणि खरंच आलं. आधी करंजाची शेंड्याकडची पानं वळली, मग पडदा फुगला, मग खारट, ओलसर झुळूक तिच्या मानेवरून गेली. तिचे डोळे मिटले. स्वप्नात घराच्या भिंती कागदासारख्या पातळ झाल्या होत्या आणि घर सावकाश पाण्यावर चाललं होतं. शेजारच्या खोलीत कोणी बाई वाळलेले कपडे घडी करत गुणगुणत होती. ऊर्मीला तिचा चेहरा दिसला नाही, पाहावासाही वाटला नाही. ती तिथे आहे एवढं पुरेसं होतं. पोटातलं बाळ एकदा वळलं आणि निवांत झालं.

जाग आली तेव्हा ऊन कललं होतं. ते तिच्या तोंडावर येऊ नये म्हणून मामंजी स्वतः मध्ये येऊन बसले होते.

संध्याकाळी विश्वेशने सगळं ऐकलं आणि तो वडिलांची खाट उचलायला गेला. मामंजी आडवे आले. "सुनेच्या खोलींत? छे छे!"

"मग मी तुमच्या खोलीत येऊन दिवसभर घामाघूम होत बसते," ऊर्मी म्हणाली. "डॉक्टरांना काय ते तुम्हीच सांगा."

ते वाटेतून बाजूला झाले. मग आत गेले आणि आपली उशी घेऊन आले.

तेव्हापासून सकाळी अकरापासून वारं येईपर्यंत दोघं एकाच खोलीत असत. तो कनकाआईंच्या गोष्टी सांगायचा वेळ झाला. त्यांना पोहायला येत असे. तंजावरच्या तळ्यात त्या पुरुषांनाही मागे टाकत. हे विश्वेशलासुद्धा ठाऊक नव्हतं.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात मुलगी झाली. कनकाच नाव ठेवायचं, असं विश्वेशच्या मनात होतं. मामंजींनी नकारार्थी मान हलवली.

"ती एकच होती. हिला हिचं नांव द्या," ते म्हणाले आणि बाळाचं तोंड खिडकीकडे करून उभे राहिले.