दोनच दांडे

मास्तरांनी मागच्या फलकावरचं तिसरं बटण दाबलं आणि पुढे बसलेल्या भाऊजींच्या हातातलं सुकाणू एकदम ढिलं पडलं. आता पंखांची, शेपटीची एकही फळी हलणार नव्हती. उरले दोन इंजिनांचे दोन दांडे. डावा सारला की विमान उजवीकडे वळतं, दोन्ही सारले की नाक वर. पण सगळं उशिरा; दांडा आज सारावा आणि विमानानं उद्या ऐकावं, अशी तऱ्हा. दांडा सारल्यावर हात आवरून तीन मोजायचे, ही खुबी मास्तरांनी पोटातच ठेवली होती.

“हे परीक्षेत नाही,” भाऊजी म्हणाले.

“परीक्षा सकाळीच पास झालात. हा तास माझा.”

विमान नकली होतं, पडद्यापुढे डोलणारी एक लोखंडी खोली, म्हणून बरं. पहिल्या फेरीत भाऊजींनी ते तळ्यात बुडवलं, तिसरीत गोदामावर घातलं, पाचवीत तर थेट विमानतळाच्या उपाहारगृहात नेऊन लावलं. दर वेळी मास्तर तोंडानं हळहळत आणि बोटानं बटण दाबत.

नऊ वर्षं त्यांनी या दुपारची वाट पाहिली होती. खऱ्या विमानाचं सुकाणू असंच मेलं, तेव्हा एकशेचाळीस माणसं त्यांनी या दोन दांड्यांवर खाली आणली. विमान धावपट्टीच्या अलीकडे टेकलं, चाक मोडलं. माणसं आपल्या पायांनी घरी गेली. चौकशीत लेखणी होती थोरल्या बहिणीच्या नवऱ्याकडे. नातं आड आलं असं कुणी म्हणू नये, म्हणून भाऊजींनी शेरा मारला: वैमानिकाचा हात जड. परवाना गेला. त्या दिवसापासून मास्तर ताईच्या घरी जेवले नव्हते.

अकराव्या फेरीला भाऊजींचा सदरा पाठीला चिकटला होता. विमान झोकांड्या खात आलं, धावपट्टीच्या अलीकडे आदळलं, चाक मोडलं आणि थांबलं. पडद्यावर सगळे जिवंत.

मास्तरांनी पेनाचं टोपण काढलं. शेरा नऊ वर्षांपासून तयार होता.

“त्या दिवशी तू किती वेळा प्रयत्न केलास?” भाऊजींनी मागे न वळता विचारलं.

“एकदाच.”

भाऊजींनी दोन्ही दांडे मागे ओढून ठेवले.

“लिही मग,” भाऊजी म्हणाले. “हात जड.”

तोंडचा घास कुणी काढून घ्यावा तसे मास्तर बघत राहिले. मग टोपण लावून त्यांनी पुन्हा तिसरं बटण दाबलं.

“दांडा सारला की तीन मोजा,” ते म्हणाले. “आणि ताईला कळवा, जेवायला उशीर होईल. दोघांनाही.”